बीए करायचंय, पण कशात आणि किती खर्चात? सोलापूरच्या घरात बसून मांडायचा हिशेब

“सर, बीएला फी किती?”

जूनमध्ये स्टाफरूमच्या दारात उभ्या असलेल्या पालकांचा हा पहिला प्रश्न. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. उत्तर ऐकून पालकांचा चेहरा खुलतो, कारण अनुदानित तुकडीतली वर्षाची फी पोराच्या हातातल्या मोबाइलपेक्षा कमी भरते. चेहरा उतरतो तो सहा-सात वर्षांनी. पोरगा पुण्याच्या अभ्यासिकेतून बॅग घेऊन परत आलेला असतो, आणि मधल्या काळात गेलेला पैसा कुणी कुठं लिहून ठेवलेला नसतो.

म्हणून एक दोनशे पानी वही घ्या आणि दोन रविवार मोकळे ठेवा. आईवडिलांनी आणि मुलाने किंवा मुलीने एकत्र बसून हे करायचंय. एकट्याने केलेला हिशेब घरात कुणी मानत नाही.

सुरुवातीला एक गोंधळ मिटवू. सामाजिक शास्त्रं म्हणजे एकटं समाजशास्त्र नव्हे. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, मानसशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य, लोकप्रशासन, ग्रामीण विकास हे सगळं त्यात येतं. यांतल्या काही विषयांत पदवीवर काम मिळतं आणि काहींत पदवी म्हणजे फक्त पहिला जिना असतो. खर्चाची सगळी मेख इथेच आहे.

वही उलटी उघडा

पहिला हिशेब फीचा नको. वहीचं शेवटचं पान उघडा आणि त्यावर नोकरीच्या पाच खऱ्या जाहिराती उतरवा. “मला समाजासाठी काहीतरी करायचंय” असलं वाक्य या पानावर चालणार नाही. पदाचं नाव, मागितलेली पदवी, अनुभव, पगार आणि नेमणूक कायम की कंत्राटी, एवढं जाहिरातीतून जसंच्या तसं लिहायचं.

जाहिराती मिळतात. जिल्हा परिषदेच्या आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर महिला व बालविकास, आरोग्य अभियान, ‘उमेद’ (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या कंत्राटी जागा निघतात. सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद असतं. साखर कारखान्यांनी भरलेला आपला जिल्हा आहे, त्यामुळे कामगार कल्याण अधिकारी हेही नाव ओळखीचं असायला हवं. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला हा अधिकारी नेमणं बंधनकारक केलं होतं, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा २५० वर आलाय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बीए झालेल्या पोराला या पदाबद्दल विचारलं तर तो तोंडाकडे बघत राहतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पाच जाहिराती उतरवल्या की एक गोष्ट आपोआप दिसते. नुसत्या बीएवर अर्ज करता येईल अशा जागांत ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे तिथं तुमच्या विषयाला भाव नाही, तुमची गाठ परीक्षेशी आहे. विषयाला भाव मिळतो तो एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), एमए, बीएड, एलएलबी अशा दुसऱ्या पायरीवर. माझं मत इथंच सांगून टाकतो: सोलापूरच्या मध्यमवर्गीय किंवा कामगार घराने पहिली पदवी शक्य तितकी स्वस्त करावी आणि वाचलेला पैसा दुसऱ्या पायरीवर, नीट निवडून लावावा. उलटं करणारे जास्त दिसतात. “पुण्याला घातलं तर लाइफ बनतंय म्हणत्यात” या एका वाक्यावर तीन वर्षांचा खर्च होतो आणि एमएची वेळ आली की हात आखडतो.

खर्चाचं पान: फी, राहणं आणि गेलेली वर्षं

या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात कॉलेजला जाणारा पैसा, दुसऱ्यात जगायला लागणारा पैसा आणि तिसऱ्यात शिकत असल्यामुळे न मिळालेला पगार. तिसरा रकाना कुणी लिहीत नाही आणि सगळ्यात मोठा आकडा त्यातच निघतो.

कॉलेजात गेल्यावर सरळ विचारा, “ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित?” एकाच इमारतीत, एकाच विषयाच्या दोन तुकड्यांची फी वेगवेगळी असू शकते. माहितीपुस्तिकेवरची फी आणि हातात पडणारी पावती यांतही फरक असतो. प्रयोगशाळा, ग्रंथालय अनामत, परीक्षा शुल्क, पात्रता शुल्क, ओळखपत्र असं करत आकडा फुगतो. मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या एखाद्या मुलाची पावती बघायला मागा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता उदाहरण. खालचे आकडे मी धरून चाललोय, आणि ते पहिल्या दोन रकान्यांचेच आहेत. तिसऱ्या रकान्याचा आकडा पुढे स्पर्धा परीक्षेच्या हिशेबात येतो. तुमच्या हातात खऱ्या पावत्या आल्या की तिथं खरे आकडे टाका, पद्धत तीच राहील.

पहिली वाट अशी: घरी राहून सोलापुरात बीए आणि नंतर सोलापुरातच एमएसडब्ल्यू. बीएला वर्षाची फी ८,००० रुपये, जाण्यायेण्याला महिना १,००० प्रमाणे दहा महिन्यांचे १०,०००, पुस्तकं आणि इंटरनेटला ५,०००. वर्षाला २३,०००, तीन वर्षांचे ६९,०००. एमएसडब्ल्यूला फी २०,०००, क्षेत्रकार्याच्या (वस्तीत, संस्थेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाच्या) फिरतीला १५,०००, बाकी ५,०००. वर्षाला ४०,०००, दोन वर्षांचे ८०,०००. पाच वर्षांत १,४९,००० रुपये आणि हातात व्यावसायिक पदव्युत्तर पदवी.

दुसरी वाट म्हणजे पुण्यात खासगी किंवा विनाअनुदानित बीए. फी ४०,०००, खोली आणि मेस मिळून महिना १०,००० प्रमाणे दहा महिन्यांचा एक लाख, गाडीभाडं ६,०००, पुस्तकं ५,०००. वर्षाला १,५१,०००, तीन वर्षांचे ४,५३,०००. आणि हातात बीए.

तिसऱ्या वाटेत बीए सोलापुरात ६९,००० मध्ये होतं आणि एमए बाहेरच्या नावाजलेल्या संस्थेत, वसतिगृहासह वर्षाला १,४०,००० धरून २,८०,००० मध्ये. एकूण ३,४९,०००.

पुन्हा वाचा. तिसऱ्या वाटेची पाच वर्षं दुसऱ्या वाटेच्या तीन वर्षांपेक्षा १,०४,००० रुपयांनी स्वस्त पडली. हे गणित फळ्यावर मांडलं की वर्गात शांतता पसरते. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, “पण सर, पुण्याचं वातावरण?” वातावरणाला किंमत आहे, नाही म्हणत नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी पदवीला प्रवेश मिळत असेल तर हा हिशेब बाजूला ठेवून विचार करा. पण एखाद्या साध्या कॉलेजच्या विनाअनुदानित तुकडीत बसण्यासाठी पुणे गाठणं म्हणजे मेसवाल्याचं घर चालवणं.

पहिल्या आणि तिसऱ्या वाटेत निवडताना आणखी एक भागाकार करायचा. जादा खर्च झाला २,००,००० रुपये. बाहेरच्या एमएमुळे सुरुवातीचा पगार महिन्याला १०,००० ने जास्त मिळणार असेल तर वीस महिन्यांत वसुली. फरक ४,००० चाच असेल तर पन्नास महिने, म्हणजे चार वर्षांच्या वर. हा फरक कॉलेजच्या जाहिरातीत शोधू नका, तिथून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांना विचारा. कसं, ते पुढे येतंच.

विषयांची झडती

*समाजकार्य.* सोलापूरच्या मुलांनी या विषयाकडे जितकं बघावं तितकं बघितलं जात नाही. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या ऊसतोड टोळ्या, हे सगळं बसच्या अंतरावर आहे. वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. तुळजापूरला, इथून साधारण ४५ किलोमीटरवर, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा म्हणजे ‘टिस’चा परिसर आहे. १९३६ साली मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेत शिकायला देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं तुळजापूरला येतात आणि आमची मुलं त्यावरून देवीला जाऊन परत येतात! तिथल्या प्रवेशासाठी सीयूईटी ही केंद्रीय परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरून संपतात, म्हणून निकालानंतर जागे होणाऱ्यांना ही वाट बंद असते.

समाजकार्यात क्षेत्रकार्य हा गाभा. प्रवेश घेण्याआधी विचारा, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या संस्थेत, आणि मार्गदर्शक शिक्षक प्रत्यक्ष येतात की सही करून मोकळे होतात? कागदावरचं क्षेत्रकार्य मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं. पगाराचं खरं सांगायचं तर स्वयंसेवी संस्थेतली पहिली नोकरी कमी पैशाची असते आणि बऱ्याचदा प्रकल्पाच्या मुदतीपुरती. मात्र २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. त्या पैशाचा हिशेब, अहवाल आणि परिणाम मोजणारी माणसं लागतात, आणि या कामाला बरा पगार असतो. त्यासाठी दोन गोष्टी यायला हव्यात: एक्सेल आणि इंग्रजीत चार पानांचा अहवाल.

आपल्याकडच्या मुलांकडे एक भांडवल फुकटात असतं. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत हिंदी-उर्दू, शाळेत मराठी. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेला एकाच माणसात चार भाषा मिळाल्या तर ती त्याला सहजी सोडत नाही. बायोडाटात पहिल्या पानावर लिहा.

*अर्थशास्त्र.* माझाच विषय, त्यामुळे जरा कडक बोलतो. सामाजिक शास्त्रांत बाजारभाव सगळ्यात चांगला याच विषयाला, पण गणितासकट. गणिताशिवायचं अर्थशास्त्र बीएपर्यंत आरामात सरकतं आणि एमएच्या चांगल्या प्रवेशपरीक्षेत आपटतं, कारण तिथं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा आणि संख्याशास्त्र विचारतात. भारतीय आर्थिक सेवा असो की रिझर्व्ह बँकेतल्या आर्थिक संशोधन विभागाची अधिकारीपदं, दोन्हीकडे अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. बीएला मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून संख्याशास्त्र किंवा संगणक मिळतं का, ते पहिल्याच दिवशी विचारा. मिळत नसेल तर ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या मंचावर हे विषय फुकट शिकता येतात, पैसे लागतात ते परीक्षेला बसून प्रमाणपत्र घ्यायचं असेल तेव्हाच. गणिताच्या नावानेच घाम फुटत असेल तर अर्थशास्त्र ‘स्कोप आहे’ म्हणून घेऊ नका.

*मानसशास्त्र.* सध्या सगळ्यात जास्त मागणी यालाच आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच. एमए झालं की लगेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला, प्रत्यक्ष रुग्णांसोबत करायचा वेगळा अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. जागा मोजक्या, चुरस मोठी. म्हणजे खर्चाच्या पानावर पाच नाही, सात वर्षं धरायची. दुसरं, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केलेत. “घरबसल्या एमए सायकॉलॉजी” असा फोन आला तर हे लक्षात ठेवा.

मी स्वतः यात पोळलोय. एमए झाल्यावर जोडीला काहीतरी असावं म्हणून एका खासगी संस्थेत समुपदेशनाचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र केलं. १८,००० रुपये भरले. शेवटच्या दिवशी फोटो, हार, लॅमिनेट केलेला कागद. त्यानंतर आजवर एकाही मुलाखतीत कुणी तो कागद मागितला नाही. प्रवेशाआधी एवढंच विचारायला हवं होतं की याला मान्यता कुणाची आहे. उत्तरात “आयएसओ” आलं तर उठून यायचं.

शाळेतला समुपदेशक, कंपनीतला मनुष्यबळ विभाग, पुनर्वसन केंद्र असे रस्ते क्लिनिकल नोंदणीशिवायही आहेत, पण तिथलाही पगार आधी शेवटच्या पानावर लिहा.

*भूगोल* हा दुर्लक्षित हिरा. नकाशा वाचणं, उपग्रह प्रतिमा, जीआयएस (संगणकावर नकाशा आणि माहिती जोडायचं तंत्र) हे ज्याला येतं त्याला पाणलोट, नगररचना, पीक विमा, सर्वेक्षण अशी कामं मिळतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोचं ‘भुवन’ फुकट आहे, डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग फुकट आहेत. तीन वर्षांत सांगोला किंवा मंगळवेढ्याच्या दहा गावांचे पाण्याचे नकाशे स्वतः काढलेला मुलगा मुलाखतीत गुणपत्रिका काढायच्या आधीच जिंकलेला असतो.

*राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन* स्पर्धा परीक्षेसाठी घेतले जातात. त्यापेक्षा यांची चांगली जोडी तीन वर्षांच्या एलएलबीशी जमते, राज्याची विधी सीईटी देऊन. दयानंद विधी महाविद्यालय शहरातच आहे.

*इतिहासाबद्दल* लोक नाक मुरडतात. नोकऱ्या थोड्या आहेत, हे खरंच. शिकवणं, संग्रहालयं, पुरातत्त्व, अभिलेखागार, संपलं. पण ज्याला ओढ आहे त्याच्यासाठी सोलापूर म्हणजे उघडं पुस्तक आहे. हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा मराठी शिलालेख, भुईकोट किल्ला, १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले चार हुतात्मे. पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस त्यांच्याच नावाने धावते, हे तिच्यातून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? केगावला आपल्या सोलापूरच्या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विभाग आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. एमएपर्यंत जाणार असाल तरच इतिहास घ्या.

*समाजशास्त्र* एकटं घेऊ नका. संशोधन पद्धती आणि आकडेवारी सोबत असेल तर सर्वेक्षण संस्थांत काम मिळतं. नसेल तर शेवटी बीएडच उरतं.

केगावच्या विद्यापीठाबद्दल दोन शब्द. १ ऑगस्ट २००४ ला स्थापन झालेलं हे एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ, २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखलं जातं. तिथल्या सामाजिक शास्त्रे संकुलात अर्थशास्त्र, ग्रामीण विकास, जनसंज्ञापन हे विभाग आहेत. वर्ग लहान असतात, म्हणजे प्राध्यापकाला तुमचं नाव माहीत असतं. शिफारसपत्राच्या वेळी त्याची किंमत कळते.

तीन वर्षं की चार?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न आलाय. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चार वर्षांनंतरचं एमए एक वर्षाचं, तीन वर्षांनंतरचं दोन वर्षांचं. वर्षं दोन्हीकडे पाचच. मग फरक कशात? संशोधनात जायचं असेल तर चौथं वर्ष कामाचं, कारण ७५ टक्के गुण असतील तर पीएचडीची वाट एमएशिवाय खुली होते आणि ‘नेट’ला, म्हणजे प्राध्यापक आणि संशोधक होण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, बसता येतं. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. बीएड, एलएलबी किंवा एमएसडब्ल्यू करायचं असेल तर तीन वर्षांनीच निघा.

प्राध्यापक व्हायचं स्वप्न असेल तर त्याचा हिशेब वेगळा लिहा: एमए ५५ टक्के, नेट किंवा सेट (तशीच राज्याची परीक्षा), बहुतेकदा पीएचडी, आणि त्यानंतर तासिका तत्त्वावर किती वर्षं, याला हद्द नाही. माझ्या बरोबरीची हुशार माणसं चाळिशीत तासाच्या पैशावर शिकवतायत. हे वाचून कुणी थांबू नये, पण माहीत नव्हतं असंही म्हणू नये.

स्पर्धा परीक्षेचा रकाना

बीएला येणाऱ्या निम्म्या मुलांच्या मनात एमपीएससी असतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, त्यामुळे वैकल्पिक विषय म्हणून बीएचा विषय खरोखर कामाला येतो, ही जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी: पुण्यात महिना १२,००० धरले तर तीन वर्षांचे ४,३२,०००, क्लासचे ५०,०००, मिळून ४,८२,०००. या काळात इथं राहून १५,००० ची साधी नोकरी केली असती तर मिळाले असते ५,४०,०००. बेरीज १०,२२,००० रुपये. आठ हजार फीच्या ‘स्वस्त’ बीएची ही खरी किंमत, आणि खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ असल्यामुळे कधी थांबायचं ते सरकार सांगत नाही. ते घरच्यांनी आधीच ठरवायचं: किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत. आकडा वहीत लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. हसू येईल, येऊ द्या.

बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त) या संस्थांची मोफत प्रशिक्षणं आणि विद्यावेतनं त्या-त्या प्रवर्गासाठी आहेत, ती आधी बघा. आणि तयारी सोलापुरातच सुरू करून पूर्वपरीक्षा एकदा उत्तीर्ण झाल्याशिवाय पुण्याची खोली घेऊ नका.

पैसा कुठून

महाडीबीटी संकेतस्थळावर जवळजवळ सगळ्या राज्य शिष्यवृत्त्या एकाच ठिकाणी आहेत. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांची मर्यादा आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० आणि इतर महापालिका शहरांसाठी ५१,००० रुपये मिळतात. इतर मागासवर्गीयांसाठी ‘सावित्रीबाई फुले आधार’, आदिवासी मुलांसाठी ‘स्वयम्’ (वरच्या मंचाचं नाव तेच असलं तरी ही योजना वेगळी) याच धर्तीवर. यांपैकी एक जरी मिळालं तरी वरच्या तिसऱ्या वाटेचा आकडा खूप खाली येतो. पण शिष्यवृत्ती उशिरा जमा होते, त्यामुळे पहिल्या सत्राची फी आणि मेसचे पैसे हातात असायलाच हवेत.

शैक्षणिक कर्ज बीएसाठी मुळीच नको. एमएसाठी घ्यायचं तर असं बघा. चार लाख, १० टक्के व्याज, सात वर्षं: हप्ता साधारण ६,६४० रुपये आणि परतफेड एकूण साडेपाच लाखांच्या थोडी वर. शिक्षण सुरू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, ते यात धरलेलं नाही. माझा ढोबळ नियम असा की हप्ता पहिल्या पगाराच्या पाचव्या भागावर जाऊ नये. म्हणजे या कर्जाला ३३,००० चा पगार हवा. शेवटच्या पानावरच्या पाच जाहिरातींत तो दिसतोय का, बघा.

नोकरी करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि ‘इग्नू’ आहेत. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीसाठी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते, आणि २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी आहे. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहीत मुक्त विद्यापीठातून बीए आणि मग नेहमीच्या कॉलेजातून एमएसडब्ल्यू केलेली एक मुलगी मला माहीत आहे. तिचा तिसरा रकाना रिकामा राहिला. पगार कधी बंदच झाला नाही तिचा.

प्रवेशाआधी तीन माणसं भेटा

कॉलेजला भेट देणं ठीकच, पण इमारत बघून काही कळत नाही. त्या विभागातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तीन मुलं शोधा. विभागप्रमुखांना सांगा, “माजी विद्यार्थ्यांशी बोलायचंय.” नावं लगेच मिळाली तर विभाग जिवंत आहे. “बघू, पाठवतो” म्हणाले तर तेही उत्तरच. मुलांना पगार थेट विचारला तर अवघडतात, म्हणून असं विचारा: पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली, कुणाच्या ओळखीने, आणि पुन्हा प्रवेश घ्यायचा असता तर इथेच घेतला असता का? तिसऱ्या प्रश्नावर कोण किती वेळ गप्प राहतं, ते वहीत नोंदवा.

ग्रंथालयात जाऊन त्या विषयाचं सगळ्यात नवं पुस्तक कोणत्या वर्षाचं आहे ते बघा. विभागात कायम शिक्षक किती आणि तासिकेवर किती, हेही विचारा. नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद) श्रेणी पुस्तिकेत छापलेली असतेच.

आणि दाखले. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून एप्रिल उजाडताच अर्ज टाका. अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर सोबतच काढा. मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, ते बँकेत जाऊन तपासा, कारण मंजूर झालेली शिष्यवृत्ती याच एका कारणाने अडकलेली मी दरवर्षी पाहतो. जूनमध्ये सेतू कार्यालयासमोरची रांग रस्त्यावर येते आणि सर्व्हर बरोबर तेव्हाच बसतो.